वेदांक

मी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या रंगभूमीवर एकोणीस वर्षं रडते आहे. पोस्टरवर माझ्या नावाआधी 'अश्रूंची महाराणी' असं छापतात. दिवाळीपासून होळीपर्यंत रोज नवं गाव, धान कापलेलं शेत, त्यात ठोकलेला रंगमंच आणि समोर तीन-चार हजार माणसं. दुसऱ्या अंकात माझा नवरा मरतो, नाहीतर मूल मरतं, आणि मी रडते. समोरच्या बायका पदर तोंडाला लावतात. माझं नाव सुकेशनी रामटेके. हे काम मला येतं, आणि त्याची मला कधी लाज वाटलेली नाही.

लाज वाटायला लावली ती दवाखान्यांनी.

मला आणि माझ्या मोठ्या बहिणीला जन्मापासून सिकलसेल. आमच्या भागात हे नाव लहान पोरांनाही माहीत आहे. थंडी, तहान, जागरण, दगदग यांतलं काहीही झालं की रक्तातल्या गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांमध्ये अडकून बसतात. पलीकडच्या हाडाला प्राणवायू मिळत नाही. मग मांडीचं हाड कोणीतरी आतून सांडशीनं पिळतंय असं दुखतं, आणि ते चार-चार दिवस थांबत नाही. जनुकं दुरुस्त करणारा उपचार मोठ्या शहरांत निघालाय. त्याच्या सरकारी यादीत माझा नंबर चार हजारांच्या पुढे आहे.

आमचे प्रयोग भर हिवाळ्यात, उघड्यावर आणि पहाटेपर्यंत. म्हणजे माझ्या धंद्याचा आणि माझ्या आजाराचा हंगाम एकच. रंगपटात मी पोटाशी गरम पाण्याची पिशवी बांधून बसायची, त्यावरून नऊवारी नेसायची आणि प्रवेश आला की उठायची. कधी उठता यायचं नाही. तेव्हा आमच्या नाट्यमंडळाचे मालक भास्करभाऊ लांजेवार दारात उभे राहून म्हणायचे, "स्टेजवर रडतेस ते ठीक आहे. इथं कायले नाटक करून राहिलीस?" दवाखान्यातली नर्स तर मला ओळखायचीच. "मॅडम, ॲक्टिंग इथं नको," म्हणायची आणि हसायची.

एकदा तर मी खाटेवर वाकडी झालेली असताना तिनं माझ्यासोबत सेल्फी काढला.

माझी बहीण यशोधरा माझ्याहून सात वर्षांनी मोठी. मोठ्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात. ती अंगणवाडी सेविका होती. तिचं दुखणं माझ्याइतकंच, पण ती आवाज करायची नाही. भिंतीकडे तोंड करून उघड्या डोळ्यांनी पडून राहायची. फक्त पायाची बोटं आत वळायची, त्यावरून मला कळायचं. आई लवकर गेली. बाईनंच मला वाढवलं. घरात कोणीतरी एकानं न रडता उभं राहायला हवं होतं. ते तिनं पत्करलं, म्हणून मला रडता आलं.

दोन हजार छत्तीसच्या पावसाळ्यात तालुक्याच्या दवाखान्यात वेदांक आला.

कपाळाला एक मऊ पट्टा, बोटाला एक चिमटा आणि डोळ्यांसमोर कॅमेऱ्याचा छोटा डोळा. नव्वद सेकंद गप्प बसायचं. मग पडद्यावर शून्य ते दहामधला एक आकडा यायचा. तेवढं तुमचं दुखणं.

तिथले डॉक्टर तन्मय साठवणे नवे होते, उत्साही होते. त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. "ताई, वेदना दिसत नाही. पण शरीर तिच्याबद्दल बोलत असतं. डोळ्याची बाहुली मोठी होते, तळहाताला बारीक घाम येतो, दोन ठोक्यांमधलं अंतर बदलतं, चेहऱ्याचे स्नायू नकळत आवळतात. मेंदूच्या लहरींतही फरक पडतो. हे सगळं एकत्र वाचायला या यंत्राला शिकवलंय. चाळीस हजार रुग्णांवर."

"म्हणजे आता मला कोणी नाटक करते म्हणणार नाही?"

"कोणीच नाही," ते म्हणाले.

मी घरी जाऊन बाईला मिठी मारली. इतक्या वर्षांनी एक साक्षीदार मिळाला होता. वेदांकाबरोबर एक नियमही आला होता, त्याकडे मी लक्ष दिलं नाही. मोठ्या शहरांत वेदनेच्या जालीम इंजेक्शनांचा काळाबाजार माजला होता, म्हणून सरकारनं ठरवलं की वेदांक पाचच्या वर असेल तरच इंजेक्शन, तरच खाट आणि तरच आजारपणाचा दाखला.

दिवाळीनंतरच्या तिसऱ्या प्रयोगाला मला झटका आला. दोन्ही मांड्या आणि पाठ. भास्करभाऊंच्या गाडीतून मला दवाखान्यात आणलं. पट्टा लागला. नव्वद सेकंद झाले.

दोन पूर्णांक चार.

"पुन्हा लावा," मी म्हणाले.

पुन्हा दोन पूर्णांक चार. डॉ. साठवण्यांचा चेहरा बदललेला मला दिसला. तो चेहरा मला ओळखीचा होता. नर्सचा, भास्करभाऊंचा, सगळ्यांचा. "ताई, जरा बाहेर बसा. पाणी प्या. तासाभरानं बघू."

भास्करभाऊंनी आकडा वाचला आणि फोन काढला. "दोनावर कोनी प्रयोग बंद करते का?" ते माझ्यासमोरच दुसऱ्या नटीशी बोलायला लागले.

बाहेरच्या बाकावर मी बसले. हाडं पिळत होती आणि डोक्यात नुसता जाळ होता. आजवर माणसांनी मला खोटं ठरवलं होतं, त्यांच्याशी भांडता तरी येत होतं. आता यंत्रानं ठरवलं. त्याच्याशी कसं भांडायचं? मग माझ्या लक्षात आलं की यंत्राला काय हवंय ते डॉक्टरांनीच मला सांगितलंय. बाहुली, घाम, ठोके, चेहरा. हे तर मी रोज करते.

मी डोळे मिटले आणि दुसऱ्या अंकात गेले. आधी श्वास, छातीच्या वरच्या टोकाला, तुटक. मग जबडा. मग मी मनात एक चित्र आणते. ते कोणतं हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. चाळीस सेकंदांत तळहात ओले झाले.

"आता लावा," मी आत जाऊन म्हणाले.

सात पूर्णांक आठ.

धावपळ झाली. खाट मिळाली, सलाइन लागलं, इंजेक्शन मिळालं. डॉक्टर म्हणाले, "माफ करा ताई, मघाशी काहीतरी चुकलं असेल." मांडीतलं दुखणं धानाच्या दाण्याइतकंही वाढलेलं नव्हतं. खरं दुखणं मान्य करून घ्यायला मला खोटं दुखणं करून दाखवावं लागलं होतं.

बरी झाल्यावर मी बाईकडे गेले. ती अंगणवाडीच्या ओट्यावर डाळ निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं आणि म्हणाले, "तुलेही शिकवतो. दोन दिवसांत येईल. श्वास कसा घ्यायचा तेवढं कळलं की झालं."

तिनं सूप खाली ठेवलं. "कायले?"

"तुझा आकडा माझ्याहून खाली येईल, म्हनून. तू तं तोंडही वाकडं करत नाहीस."

"दुखते ते दुखते, सुके. त्याचा तमाशा मी नाई करनार. तुझं पोट त्याच्यावर आहे, तू कर."

ते मला लागलं. "म्हंजे मी तमाशेवाली?"

"तसं नाई म्हनलं मी."

"तसंच म्हनलीस!" मी ओट्यावरून उतरले आणि निघून आले. सात-आठ आठवडे आम्ही बोललो नाही. ती दर रविवारी फोन करायची. मी उचलायची नाही.

जानेवारीत मी चंद्रपूरकडच्या एका गावात होते. तोंडाला अर्धा रंग लागला होता, तेव्हा शेजारच्या निर्मलाचा फोन आला. बाईला सकाळपासून छातीत दुखत होतं. बारा वाजता निर्मलानंच तिला ऑटोतून दवाखान्यात नेलं. वेदांक दोन पूर्णांक एक. चिठ्ठीवर छापून आलं : घरी विश्रांती, भरपूर पाणी. संध्याकाळी तिला श्वास घेता येईना. पुन्हा ऑटोत घातलं, पण ती दवाखान्याच्या फाटकापर्यंत पोचली नाही.

वाकड्या झालेल्या पेशी तिच्या फुफ्फुसात अडकल्या होत्या. दुपारी खाट, प्राणवायू आणि रक्त मिळालं असतं तर ती जगण्याची शक्यता बरीच होती. हे मला डॉ. साठवण्यांनीच सांगितलं. त्यांनी खोटं बोलायला हवं होतं असं मला तेव्हा वाटलं.

"तिच्या छातीला नळी लावून ऐकलं होतं तुम्ही?" मी विचारलं.

"बाहेर साठ माणसं होती ताई. आकडा पाचच्या खाली आला की पुढचं नाव घ्यायचं, असा नियम..."

"ऐकलं होतं का?"

"नाही."

मी टेबलावरची ती पट्ट्याची पेटी उचलून भिंतीवर फेकली. दोन वॉर्डबॉय धावत आले. डॉक्टरांनी त्यांना हातानंच थांबवलं. पेटीला काही झालं नाही, ती चांगल्या बांधणीची होती.

मी तक्रार केली. उत्तर आलं की नियमाचं पालन झालेलं आहे. मी पुन्हा केली. निर्मलाची सही घेतली, अंगणवाडीच्या सगळ्या सेविकांच्या घेतल्या, एका वर्तमानपत्रानं बाईचा फोटो छापला. अखेर ऑगस्टमध्ये नागपूरला तिघांची चौकशी समिती बसली आणि मला बोलावणं आलं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी डॉ. साठवण्यांचा फोन आला. "तुम्ही तिथं काय करणार आहात ते मी ओळखलंय. करू नका. आकडा मुद्दाम वाढवता येतो हे तुम्ही सिद्ध केलंत, तर तुमचं नाव आकडा फसवणाऱ्यांच्या यादीत जाईल. मग राज्यातलं कुठलंही यंत्र तुमचा आकडा मानणार नाही. तुम्हाला इंजेक्शन मिळणार नाही, ताई. कधीच. तुमचा आजार तुम्हाला माहीत आहे."

"माझ्याकडे दुसरा पुरावा काय आहे?"

ते म्हणाले, "उद्या सकाळी आत जायच्या आधी रक्त तपासून घ्या. मी तिथल्या प्रयोगशाळेत सांगून ठेवतो. त्या वेळी झटका असेल तर पेशी फुटत असलेल्या रक्तात दिसतात. ते कोणाला करून दाखवता येत नाही."

झटका असणार हे मला ठाऊकच होतं. चार तासांचा बसचा प्रवास, पावसाचा गारठा आणि दोन रात्री झोप नाही. नागपूरला उतरले तेव्हा माझे दोन्ही खांदे आणि कंबर पेटलेली होती.

समितीसमोर यंत्र बनवणाऱ्या गटाच्या प्रमुख बसल्या होत्या, डॉ. रोहिणी दातार. साधी सुती साडी, पिकलेले केस. त्या उद्धट असतील असं मला वाटलं होतं. नव्हत्या. त्यांनी शांतपणे सांगितलं की यंत्रात बिघाड आढळलेला नाही, चाळीस हजार रुग्णांवर ते पारखलेलं आहे.

"कसले रुग्ण?" मी विचारलं.

"शस्त्रक्रिया झालेले. अपघाताचे."

"त्यात सिकलसेलचे किती?"

त्यांनी कागद चाळले. "तशी वेगळी नोंद ठेवलेली नव्हती."

"मला पट्टा लावा," मी म्हणाले.

समितीचे अध्यक्ष म्हणाले की याची गरज नाही. मी म्हणाले की माझी बहीण याच पट्ट्यानं मेली, मला लावून बघायला तुमचं काय जातंय? डॉ. दातारांनीच उठून पट्टा लावला आणि आकडा क्षणोक्षणी दिसत राहील अशी चाचणीची सोय चालू केली. पडदा सगळ्यांना दिसत होता.

"कुठल्या आकड्यावर थांबू?" मी विचारलं.

कोणाला काही कळलं नाही.

"सांगा ना. तीन? सहा? तुम्ही म्हणाल तिथं थांबते."

एक सदस्य चेष्टेनं म्हणाले, "सहा."

मी सहावर नेला. पाच पूर्णांक नऊ, सहा पूर्णांक एक, तिथं धरला. मग म्हणाले, "आता खाली बघा," आणि तीनवर आणला. मग मी बाईला आठवलं. रंगमंचावर मी तिला कधीच वापरलं नव्हतं. त्या दिवशी वापरलं. आकडा नऊ पूर्णांक चारवर गेला आणि यंत्र किणकिणायला लागलं, तातडीची मदत द्या म्हणून.

मी डोळे पुसले आणि स्वस्थ बसले.

"हे सगळं खोटं होतं," मी म्हणाले. "आता मी काही करत नाही. आता मला खरंच दुखतंय. इथं यायच्या आधीपासून दुखतंय. नव्वद सेकंद थांबा."

नव्वद सेकंद झाले. पडद्यावर दोन पूर्णांक दोन आलं.

मी रक्ताचा कागद टेबलावर ठेवला. तासाभरापूर्वीचा. डॉ. दातारांनी तो वाचला, पुन्हा वाचला आणि चष्मा काढला.

"तुम्ही या अवस्थेत... इथं कशा बसला आहात?"

"बाई बसायची तशी."

मग त्यांनी समितीला समजावलं. अचानक आलेल्या दुखण्याला शरीर धोक्याची घंटा वाजवून उत्तर देतं. पण लहानपणापासून तीच घंटा पुन्हा पुन्हा वाजत राहिली, तर शरीर उत्तर देणं कमी करतं. बाहेरची चिन्हं विझत जातात. आतली वेदना विझत नाही. आम्ही चिन्हं मोजली आणि त्यांनाच वेदना म्हटलं, असं त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, "आमच्या घरामागं भाताची गिरणी आहे. पाहुण्याला तिथं झोप लागत नाही. आम्हाला ती ऐकूही येत नाही. पण मॅडम, गिरणी चालूच असते. हे समजायला तुम्हाला माझी बहीण कशाला लागली?"

अध्यक्षांनी सुनावणी संपवली.

दोन महिन्यांनी निकाल आला. नियमात एक ओळ वाढली : सिकलसेलच्या रुग्णाबाबत उपस्थित डॉक्टरांचा लेखी निर्णय वेदांकापेक्षा वरचा मानावा. बाईच्या मृत्यूला कोणी जबाबदार नाही. आणि शेवटच्या पानावर माझं नाव, 'कृत्रिम वेदांक निर्माण करण्याची क्षमता' या शीर्षकाखाली. त्या यादीत राज्यात तेव्हा मी एकटीच होते.

सुनावणीतली दोन मिनिटांची चित्रफीत कोणीतरी बाहेर सोडली. तिच्यातला सहा आणि नऊचा भाग तेवढा फिरला. दोन पूर्णांक दोनचा भाग कोणी पाहिला नाही. भास्करभाऊ स्वतः घरी आले. नव्या पोस्टरवर त्यांनी छापलं होतं, 'यंत्राला रडवणारी नटी'. मी ते त्यांच्यासमोर फाडलं, तरी काम केलं, कारण काम माझं होतं.

दिवाळीनंतर त्या हंगामाच्या पहिल्याच प्रयोगाला सहा हजार माणसं आली. दुसऱ्या अंकात मी पोराच्या प्रेतावर वाकले आणि मागून कोणीतरी ओरडलं, "सुकेशनी, नऊ कर, नऊ!" मोठा हशा उठला. बायकाही हसल्या.

मी उभी राहिले. पेटीवाल्याला हात केला, तो थांबला. मी माईकजवळ आले.

"माझी बहीण दोनावर मेली," मी म्हणाले. "तुमच्यातल्या कोनाच्या घरी सिकलसेल नाई, त्यानं आता हसावं."

कोणी हसलं नाही. मी पुन्हा खाली बसले, प्रेताचं डोकं मांडीवर घेतलं आणि प्रवेश पुरा केला. तेवढं वाईट मी कधीच रडले नव्हते. सगळं कोरडं, लाकडासारखं झालं.

डिसेंबरात मला पुन्हा झटका आला. निर्मलानं त्याच ऑटोतून मला त्याच दवाखान्यात आणलं. नर्सनं पट्टा लावला. आकड्याच्या जागी लाल पट्टी आली : नोंद ग्राह्य नाही. तिनं डॉक्टरांना हाक मारली.

डॉ. साठवणे आले. केस बरेच गळले होते त्यांचे. आता निर्णय त्यांच्या सहीवर होता. यादीत नाव असलेल्या रुग्णाला त्यांनी इंजेक्शन दिलं आणि उद्या कोणी चौकशी केली, तर नोकरी त्यांची जाणार होती. ते माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, हा माणूस वाट बघतोय. मी विव्हळेन, चेहरा वाकडा करेन, त्याला सही करायला सोपं जाईल याची.

मी भिंतीकडे तोंड केलं आणि गप्प पडून राहिले. मला मरण आलं असतं तरी मी त्या खोलीत काही करून दाखवणार नव्हते.

त्यांनी पट्टा सोडवून बाजूला ठेवला. स्टूल ओढून बसले. पाठीला नळी लावून ऐकलं, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मग विचारलं, "ताई, किती दुखतंय?"

"खूप."

त्यांनी कागद ओढला, लिहिलं, सही केली आणि नर्सला इंजेक्शन भरायला सांगितलं. सुई हातात घेऊन ते थांबले. "यशोधराबाईंना मी एवढंच विचारायला हवं होतं," ते हळू म्हणाले.

"हो," मी म्हणाले.

आणखी काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून ते थांबले असावेत. माझ्याकडे त्यांना द्यायला काही नव्हतं. मी त्यांना माफ केलं नाही. फक्त हात पुढे केला.